कोकणातील महाविद्यालयीन कलाशिक्षणासाठी आणि नाट्यगृहांसाठी देणगी कशी द्यावी

कोकणातील माणसाला देणगी नवी नाही. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची वाढीव खोली, वाचनालयाचे छप्पर अशी कितीतरी कामे मुंबईकर चाकरमान्यांच्या वर्गणीतून उभी राहिली आहेत, आणि गणपतीत किंवा शिमग्यात गावी भरणाऱ्या बैठकीत एका संध्याकाळी काही लाखांचे आकडे वहीत उतरतात. महाविद्यालयातील नाट्य, संगीत, नृत्य वा लोककलेच्या शिक्षणाकडे आणि त्या कलांना लागणाऱ्या रंगमंचाकडे मात्र हा ओघ क्वचितच वळतो. वळला, तरी पैसे कोणाच्या नावे द्यावेत, ते ठरलेल्या कामीच लागतील याची खात्री कशी करावी आणि करसवलत मिळते ती नेमकी किती, हे देणगीदाराला नीट ठाऊक नसते. दहा हजार रुपये देणारा माजी विद्यार्थी, आईवडिलांच्या स्मरणार्थ काही लाख बाजूला काढणारे कुटुंब आणि रस्त्यालगतची जमीन देऊ पाहणारा वारस या तिघांनाही उपयोगी पडेल अशा रीतीने पुढील माहिती मांडली आहे.

आरंभीच एक मत स्पष्ट केलेले बरे. वास्तूसाठी देणगी देणारे मिळतात; वास्तू चालवण्यासाठी देणारे मिळत नाहीत. मुंबई विद्यापीठाचा फोर्टमधील राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे, आणि शेजारचे दीक्षान्त सभागृह सर कावसजी जहांगीर यांचे नाव सांगते. त्या काळी विद्यापीठाला इमारतींचीच गरज होती. आज कोकणात बहुतेक ठिकाणी सभागृह असते. नसतो तो तालमीसाठी नेमलेला मार्गदर्शक, रंगमंचावरील प्रकाश कमीजास्त करणारा दुरुस्त डिमर आणि परवडणारे भाडे. त्यामुळे ज्याची रक्कम मर्यादित आहे त्याने दगडाविटांपेक्षा वापराचा विचार आधी करावा.

कशासाठी द्यावे

मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपर्यंत पसरलेले आहे. नाट्यप्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि लोककला अकादमी ही दोन्ही विद्यापीठाच्या कालिना येथील विद्यानगरी संकुलात आहेत. म्हणजे कुडाळच्या किंवा दापोलीच्या ज्या मुलाला नाट्यशिक्षण रीतसर घ्यायचे आहे, त्याला मुंबईत राहण्याची सोय करावी लागते, आणि त्याच्या घरच्यांना शुल्कापेक्षा राहण्याजेवण्याचा खर्च जड जातो. असा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती ही छोट्या देणगीदारांच्या गटाला पेलणारी आणि परिणाम लगेच दिसणारी गोष्ट आहे.

जे विद्यार्थी गावाकडेच कला, वाणिज्य किंवा विज्ञान शाखेत शिकतात, त्यांच्यासाठी नाटक म्हणजे मुख्यतः विद्यापीठाचा युवा महोत्सव आणि निरनिराळ्या एकांकिका स्पर्धा. महोत्सवाच्या आधी काही आठवडे तालमी होतात, एखादा हौशी दिग्दर्शक मिळेल त्या मानधनावर येतो, वेशभूषा आणि संगीत यांचा खर्च कधी महाविद्यालय उचलते, कधी विद्यार्थीच वर्गणी काढतात, आणि महोत्सव संपला की सगळे थांबते. येथे कमतरता असते ती वर्षभर चालणाऱ्या शिक्षणाची. तासिका तत्त्वावर येणारा नाट्य किंवा संगीत मार्गदर्शक नेमण्यासाठी संस्थेला निधी दिला, तर आवाज, हालचाल, संहितावाचन, प्रकाशयोजना यांचे पाठ जून ते मार्च या काळात सलग देता येतात. या मार्गदर्शकांत दशावतारातील जुन्याजाणत्या नटांना, नमन-खेळ्यांतील मृदंगवादकांना, जाखडीतील शाहिरांना आणि पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील कलावंतांना आवर्जून स्थान असावे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, पण अशा कलावंतांचे महाविद्यालयात येणे बहुधा एखाद्या दिवसाच्या प्रात्यक्षिकापुरतेच राहते. दशावतारी नट लिखित संहितेवाचून, एका बाकड्याच्या आधाराने रात्रभर आख्यान उभे करतो. ते कौशल्य एका दुपारी दाखवता येते, शिकवता येत नाही. देणगीदाराने लोककलावंतांच्या मानधनाचे दर आणि तास देणगीपत्रात लिहूनच घ्यावेत, अन्यथा शाल आणि श्रीफळ यांवर भागवले जाते.

नाट्यगृहाच्या गरजा वेगळ्या आहेत. कोकणात पावसाळा चार महिने असतो, रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि हवेतील दमटपणा व खारेपणा यांमुळे पडद्यांना बुरशी लागते, लाईटचे सांगाडे गंजतात, ध्वनियंत्रणेच्या जोडण्या सैल होतात. पत्र्याचे छप्पर असलेल्या महाविद्यालयीन सभागृहात जुलैमध्ये तालीम केली, तर तिसऱ्या रांगेत संवाद ऐकू येत नाही. अशा सभागृहाला नवा दर्शनी भाग देण्यापेक्षा छपराखाली ध्वनिरोधक थर बसवून देणे, पडद्यांवर आगप्रतिबंधक प्रक्रिया करून घेणे, विंगा आणि झालरी नव्याने शिवून देणे, रंगपटात आरसे, वायुवीजन आणि मुलींसाठी स्वच्छतागृह करून देणे ही कामे कितीतरी अधिक उपयोगाची आहेत, जरी त्यांपैकी एकाचेही फीत कापून उद्घाटन करता येत नाही.

विद्युत तपासणी आणि विमा यांचा उल्लेख स्वतंत्रपणे केला पाहिजे. अलिबागचे पीएनपी नाट्यगृह जून २०२२ मध्ये दुरुस्तीच्या कामादरम्यान लागलेल्या आगीत जळाले. घाटावर कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. पाण्याचे संकटही दूर नाही: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील असंख्य छपरे उडवली, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. म्हणून यंत्रसामग्रीसाठी देणगी देताना तिचा विमा कोण भरणार, ती तळमजल्यावर ठेवली जाणार की वर, आणि विजेच्या जोडण्यांची तपासणी दरवर्षी कोणाकडून होणार, हे प्रश्न देणगीदाराने विचारावेत. त्यांचे उत्तर मिळत नसेल, तर यंत्रसामग्रीऐवजी पहिल्या वर्षी केवळ तपासणीचा आणि दुरुस्तीचा खर्च द्यावा.

एकरकमी की कायम ठेव

कायम ठेवीची कल्पना आकर्षक वाटते, कारण मूळ रक्कम तशीच राहते आणि व्याजातून दरवर्षी काम होते. परंतु हिशेब करून पाहावा. समजा, १० लाख रुपयांची ठेव ७ टक्के व्याजाने ठेवली, तर वर्षाला ७०,००० रुपये मिळतात. महागाईमुळे ठेवीचे मोल घटू नये म्हणून त्यांतील २०,००० रुपये पुन्हा मुद्दलात टाकले, तर हातात ५०,००० रुपये राहतात. ताशी १,००० रुपये मानधन धरले, तर त्यात वर्षाला ५० तासांचे मार्गदर्शन होते, म्हणजे एका महाविद्यालयाची एका सत्राची गरज जेमतेम भागते. व्याजाचा सगळा भाग खर्च करण्याची मुभा दिली, तर सुरुवातीला ७० तास मिळतील, पण दहा-पंधरा वर्षांनी त्याच रकमेत त्याहून बरेच कमी तास मिळतील. कोकणातील अनेक स्मृतिपारितोषिके आज शंभर-दोनशे रुपयांवर येऊन ठेपली आहेत, त्याचे कारण हेच आहे.

त्यामुळे ५ लाखांपेक्षा कमी रक्कम असेल, तर ठेवीचा आग्रह धरू नये. ती रक्कम तीन वर्षांत ठरावीक हप्त्यांनी पूर्ण खर्च करण्याची योजना आखावी. त्याहून मोठी रक्कम असेल, तर ठेव आणि चालू खर्च असे दोन भाग करावेत. सार्वजनिक न्यासाने आपला पैसा कोठे गुंतवावा हे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ ने ठरवून दिले आहे, आणि आयकर कायद्यातही गुंतवणुकीचे मान्य प्रकार सांगितले आहेत. अर्धा-एक टक्का जास्त व्याज मिळते म्हणून ओळखीच्या पतपेढीत ठेव ठेवण्याचा मोह संचालकांना होतो. देणगीपत्रात अनुसूचित (म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतील) बँकेचा उल्लेख केला, की हा प्रश्न उरत नाही.

पैसे नेमके कोणाच्या हाती जातात

महाविद्यालयाच्या प्राचार्यांशी बोलणे होते, धनादेश महाविद्यालयाच्या नावे लिहिला जातो, आणि पुढे कळते की महाविद्यालयाला स्वतंत्र कायदेशीर अस्तित्वच नाही. कोकणातील बहुतेक संलग्न महाविद्यालये शिक्षण संस्था चालवतात. नोंदणी, पॅन आणि करसवलतीची मान्यता संस्थेच्या नावे असते, आणि त्याच संस्थेच्या दोन-चार शाळा, एखादे वसतिगृह आणि एखादे व्यावसायिक महाविद्यालयही असते. नाट्यविभागासाठी म्हणून दिलेली रक्कम संस्थेच्या सामान्य खात्यात गेली, तर ती छपराच्या गळतीवर खर्च होण्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. म्हणून देणगी स्वीकारणारा ठराव संस्थेच्या कार्यकारी मंडळाने करावा, प्राचार्य आणि संस्थेचा पदाधिकारी या दोघांच्याही सह्या घ्याव्यात, आणि लेख्यांत त्या निधीचे स्वतंत्र खाते असावे, एवढे तीन आग्रह सोडू नयेत.

विद्यापीठालाच द्यायचे असेल, तर मार्ग निराळा आहे. मुंबई विद्यापीठ हे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ खाली चालते. तेथे शिष्यवृत्ती, पदक किंवा व्याख्यानमालेसाठीचा निधी व्यवस्थापन परिषदेच्या स्तरावर स्वीकारला जातो, आणि त्याच्या अटी एकदा ठरल्या की सहजासहजी बदलत नाहीत. ही प्रक्रिया संथ आहे, परंतु निधीचे आयुष्य मोठे असते. रत्नागिरीच्या उपपरिसरासाठी किंवा कोकणातील विद्यार्थ्यांसाठीच निधी राखायचा असल्यास तसे शब्द प्रस्तावातच घालावेत. 'गरजू विद्यार्थी' एवढेच लिहिले, तर लाभ कोकणात पोहोचेलच असे सांगता येत नाही.

नाट्यगृहांच्या बाबतीत मालकी बहुधा नगरपरिषदेची असते. रत्नागिरीचे स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृह, मालवणचे मामा वरेरकर नाट्यगृह आणि चिपळूणचे इंदिरा गांधी सांस्कृतिक केंद्र ही त्यांची परिचित उदाहरणे आहेत. स्थानिक प्राधिकरणाला धर्मादाय प्रयोजनासाठी दिलेल्या देणगीलाही करसवलत मिळू शकते, पण नगरपरिषदेच्या कामांना निविदा, मंजुरी आणि अंदाजपत्रक यांचे टप्पे असतात, आणि देणगीदाराला त्यांत फारसा हस्तक्षेप करता येत नाही. व्यवहारात अधिक सोपा मार्ग असा की, नगरपरिषदेला पैसे देण्याऐवजी महाविद्यालयांना नाट्यगृह वापरता यावे म्हणून भाड्याचा निधी द्यावा. पाच महाविद्यालयांना वर्षातून प्रत्येकी दोन दिवस तालमीसाठी आणि एक दिवस प्रयोगासाठी खरा रंगमंच मिळाला, तर युवा महोत्सवात मुलांना प्रकाशझोतात पहिल्यांदाच उभे राहावे लागत नाही, आणि नाट्यगृहाच्या उत्पन्नातही भर पडते. माझ्या मते मध्यम आकाराच्या देणगीचा याहून चांगला उपयोग सापडणे कठीण आहे.

गावातील रंगमंच देवस्थानच्या सभामंडपात किंवा आवारात असेल, तर आधी देवस्थानची व्यवस्था कोणाकडे आहे ते पाहावे. सिंधुदुर्गातील अनेक देवस्थाने पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात, आणि तेथे बांधकामाचा निर्णय केवळ गावकऱ्यांच्या हाती नसतो. शिवाय निव्वळ धार्मिक प्रयोजनाच्या न्यासाला दिलेल्या देणगीवर सर्वसाधारणपणे करसवलत मिळत नाही.

माजी विद्यार्थी संघाविषयीही सांगितले पाहिजे. पुष्कळदा हा संघ म्हणजे भ्रमणध्वनीवरील एक गट असतो आणि वर्गणी एका उत्साही सभासदाच्या वैयक्तिक खात्यात जमा होते. तो सभासद कितीही सचोटीचा असला तरी ती रक्कम कायद्याने त्याचीच दिसते. अशा वेळी संघाने फक्त देणगीदार जमवावेत आणि प्रत्येकाने रक्कम थेट संस्थेच्या खात्यात भरून आपापल्या नावाची पावती घ्यावी.

कागद तपासताना

देणगी स्वीकारणाऱ्या संस्थेकडून चार कागदांच्या प्रती मागाव्यात: धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी प्रमाणपत्र, आयकर कायद्याखालील न्यास म्हणून नोंदणीचे आणि देणगी-सवलतीच्या मान्यतेचे आदेश, पॅन, आणि गेल्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. या मागणीचा संस्थेने राग मानू नये आणि देणगीदाराने संकोच करू नये. आदेशांना मुदत असते, म्हणून तारखा पाहाव्यात. लेखापरीक्षण अहवालात विशेष निधी किंवा राखीव निधी या शीर्षाखालील जुन्या देणग्या शोधाव्यात: एखाद्या पारितोषिकाचा निधी वर्षानुवर्षे न वापरता पडून असेल, तर आपल्या निधीचेही तेच होण्याचा संभव आहे. विश्वस्त मंडळात बदल झाला असल्यास त्याचा बदल अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल आणि मंजूर झाला आहे काय, हेही विचारावे, कारण दोन गटांत वाद असलेल्या संस्थेला दिलेली रक्कम वर्षानुवर्षे बँकेत अडकून राहू शकते.

देणगीपत्र

एका पानाचे देणगीपत्र हा या सगळ्या व्यवहाराचा कणा आहे. वकिलाकडून दहा पानांचा मसुदा करून घेण्याची गरज नाही, पण प्रयोजन, मुदत, पर्यायी प्रयोजन आणि अहवाल या चार गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. पुढील नमुना आपल्या प्रसंगाप्रमाणे बदलून घेता येईल.

'मी/आम्ही आपल्या संस्थेस रुपये ______ एवढी देणगी पुढील प्रयोजनासाठी देत आहोत. ही रक्कम संस्थेच्या ______ महाविद्यालयात नाट्य व लोककला यांचे नियमित प्रशिक्षण देणाऱ्या अतिथी मार्गदर्शकांच्या मानधनासाठीच वापरली जावी. मानधनापैकी किमान अर्धा भाग कोकणातील कार्यरत लोककलावंतांना दिला जावा. संस्थेने या रकमेचे स्वतंत्र खाते ठेवावे. एखाद्या वर्षी प्रशिक्षण होऊ न शकल्यास त्या वर्षाची रक्कम पुढील वर्षात वापरता येईल. परंतु सलग दोन वर्षे प्रशिक्षण न झाल्यास शिल्लक रक्कम त्याच महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या नाट्यगृह-भाड्यासाठी वापरावी. दरवर्षी जूनअखेर झालेले तास, मार्गदर्शकांची नावे आणि खर्च यांचा एक पानी अहवाल आम्हांस पाठवावा. ही देणगी कायम निधीसाठी आहे/नाही.'

शेवटच्या वाक्याला महत्त्व आहे. देणगी कायम निधीचा भाग आहे असे देणगीदाराने लेखी सांगितले तरच संस्थेला ती करदृष्ट्या तशी धरता येते. न सांगितल्यास ती त्या वर्षीचे सामान्य उत्पन्न मानली जाते आणि ठरलेल्या प्रमाणात खर्च दाखवण्याचे बंधन येते. तोंडी सांगितलेले येथे चालत नाही.

नावाच्या फलकाविषयी देणगीपत्रात मुदत घालावी. सभागृहाला नाव द्यायचे असेल, तर दहा किंवा पंधरा वर्षांपर्यंत, आणि नंतर मोठे नूतनीकरण करणाऱ्या दुसऱ्या देणगीदारासाठी जागा मोकळी, अशी अट घालणारा देणगीदार संस्थेवर मोठा उपकार करतो. फलकावर केवळ कृतज्ञतेचा उल्लेख असेल आणि व्यवसायाची जाहिरात नसेल, तर त्या देणगीवर वस्तू व सेवा कर लागत नाही, असे ऑक्टोबर २०१९ च्या केंद्रीय परिपत्रकात स्पष्ट केले आहे. 'अमुक बिल्डर्सतर्फे' असे लिहून दूरध्वनी क्रमांक टाकला, तर मात्र ती प्रायोजकता ठरू शकते.

ज्यांना गुप्तदान करायचे आहे त्यांनी एवढे जाणावे की, गुप्तता फलकापुरती ठेवता येते, वहीपुरती नाही. देणाऱ्याचे नाव आणि पत्ता संस्थेकडे नोंदलेला नसेल, तर अशा निनावी देणग्यांवर ठरावीक मर्यादेपलीकडे संस्थेला ३० टक्के दराने कर भरावा लागतो. तेव्हा पावती नावाने घ्यावी आणि नाव जाहीर न करण्याची विनंती लेखी करावी.

करसवलतीचा हिशेब

१९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८० जी या नावाने ही सवलत सर्वांना ठाऊक आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू होत असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. पावतीवर कोणता क्रमांक हवा हे त्या त्या वर्षी सनदी लेखापालाकडून पाहून घ्यावे. सवलतीचे स्वरूप असे की, मान्यताप्राप्त न्यासाला दिलेल्या देणगीच्या सर्वसाधारणपणे ५० टक्के रक्कम उत्पन्नातून वजा होते, आणि वजावटीस पात्र देणगीची कमाल मर्यादा समायोजित उत्पन्नाच्या, म्हणजे इतर वजावटी वगळून उरणाऱ्या उत्पन्नाच्या, १० टक्के एवढी असते. मुख्य म्हणजे ही वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. ज्याने नवी प्रणाली स्वीकारली आहे त्याने करसवलतीचा विचार मनातून काढून टाकावा.

उदाहरण घ्यावे. समायोजित उत्पन्न १२ लाख रुपये असलेल्या व्यक्तीने एकाच वर्षी २ लाख रुपये दिले, तर मर्यादा १ लाख २० हजारांची, म्हणून वजावट ६० हजारांची. जुन्या प्रणालीत ३० टक्के दराने वाचणारा कर १८,००० रुपये, अधिक उपकर. त्याच व्यक्तीने १ लाख मार्चमध्ये आणि १ लाख एप्रिलमध्ये दिले, तर ते दोन आर्थिक वर्षांत विभागले जातात आणि दोन्ही मिळून वजावट १ लाखाची होते.

२,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट नाही. हार्मोनियम, ध्वनियंत्रणा, पुस्तके किंवा वेशभूषा अशा वस्तू दिल्यास त्यांनाही नाही. एखाद्या विद्यार्थ्याचे शुल्क परस्पर भरल्यासही नाही, मग तो कितीही गुणी असो. केवळ पावती पुरत नाही: संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर देणग्यांचे विवरण आयकर विभागाकडे ३१ मेपर्यंत दाखल करायचे असते आणि त्यातून निघणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे असते. ते जुन्या कायद्याखाली नमुना १० बीई या नावाने ओळखले जाई. लहान संस्थांकडून हे विवरण राहून जाते, म्हणून एप्रिलमध्येच एक आठवणीचे पत्र पाठवावे.

जमीन देण्यापूर्वी

किनाऱ्याजवळची वडिलोपार्जित जमीन रंगमंचासाठी द्यावी, असे अनेकांच्या मनात येते. येथे घाई अजिबात करू नये. स्थावर मालमत्तेचे दान नोंदणीकृत दस्ताने, देणाऱ्याच्या सहीने आणि किमान दोन साक्षीदारांच्या साक्षीनेच होते, आणि देणारा हयात असतानाच ते स्वीकारले जावे लागते, असे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ सांगतो. कोकणातील खरी अडचण त्याच्याही आधीची आहे. सातबाऱ्यावर पणजोबांच्या नावाखाली तीस-चाळीस वारस, त्यांतले काही विलेपार्ल्यात, काही बडोद्यात, काहींचा पत्ताच नाही, अशा सामाईक क्षेत्रातील न वाटलेल्या हिश्शाचे दान इतर हिस्सेदारांच्या संमतीवाचून टिकत नाही. कुळाची नोंद असेल, तर ती वेगळी गुंतागुंत. शेतजमीन असल्यास शेतकरी नसलेल्या संस्थेकडे तिचे हस्तांतरण कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे परवानगीवाचून होत नाही. जमीन समुद्राच्या किंवा खाडीच्या भरतीरेषेजवळ असेल, तर किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेमुळे तेथे प्रेक्षागृह बांधता येईलच असे नाही, आणि मग संस्थेच्या हाती करवंदीच्या जाळीसह एक न बांधता येणारा तुकडा उरतो.

यांतून मार्ग असा. आधी वाटप करून आपल्या नावाचा स्वतंत्र सातबारा करून घ्यावा, नंतर किनारा नियमनाचा आणि बिनशेतीचा अभिप्राय घ्यावा, मुद्रांक शुल्क कोणी भरायचे ते ठरवावे, आणि मगच दानपत्र करावे. एकदा जमीन न्यासाची झाली की ती विकण्यासाठी किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्यासाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, आणि देणगीदाराच्या दृष्टीने हे संरक्षणच आहे. ज्याला एवढे सायास नकोत, त्याने आपला हिस्सा भाऊबंदांना रीतसर विकून आलेली रक्कम द्यावी. संस्थेला बहुधा तेच अधिक सोयीचे असते.

कंपनीचा आणि परदेशातील पैसा

कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते, आणि अनुसूची सातमध्ये शिक्षणाबरोबरच कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास यांचाही समावेश आहे. लोटे-परशुराम, रोहा, महाड, तारापूर येथील औद्योगिक वसाहतींत कारखाने असलेल्या कंपन्यांकडे त्या त्या तालुक्यातील महाविद्यालयांनी जाणे स्वाभाविक आहे. संस्थेने त्यासाठी सीएसआर-१ हा (कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीसाठीचा) नमुना भरून नोंदणी केलेली असावी. कंपनीला वर्षाच्या आत पूर्ण होणारे, मोजता येणारे काम हवे असते, म्हणून प्रस्तावात तास, विद्यार्थी, प्रयोग आणि खर्च यांचा तक्ता द्यावा.

आखाती देशांत नोकरीला असलेले रत्नागिरी-रायगडचे अनेक जण आपल्या महाविद्यालयाला मदत करू इच्छितात. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी अंशदान ठरत नाही. पावतीसोबत पारपत्राची प्रत घ्यावी. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याकडे भारताचे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी त्याची देणगी परदेशी अंशदानच असते, आणि परदेशी अंशदानाविषयीच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तीही भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यात, ती स्वीकारता येते. नोंदणी नसताना नातेवाइकाच्या खात्यातून पैसे फिरवणे संस्थेला महागात पडते.

दिल्यानंतर

शक्य असेल तेथे रक्कम हप्त्यांनी द्यावी आणि दुसरा हप्ता अहवालाशी जोडावा. अहवालात फोटो कमी आणि नोंदी जास्त असाव्यात: रंगमंच वर्षातून किती दिवस उघडला, त्यांतले किती दिवस विद्यार्थ्यांचे आणि किती दिवस विवाहसमारंभांचे, मार्गदर्शकांचे मानधन त्यांच्या बँक खात्यात कधी जमा झाले, दुरुस्तीची किती कामे पावसाळ्यापूर्वी उरकली. वर्षातून एकदा, कार्तिकात जत्रांचा आणि दशावताराचा हंगाम सुरू झाल्यावर गावी जाणे होतेच. त्या वेळी व्यासपीठावर न बसता तालमीच्या वेळेला महाविद्यालयात जावे आणि मुलांशी बोलावे. नोंदी अपुऱ्या असतील, तर हप्ता थांबवण्यापूर्वी कारण विचारावे, कारण प्राचार्य बदलले किंवा मार्गदर्शक आजारी पडला एवढेच कारण असू शकते. दोनदा विचारूनही लेखी उत्तर आले नाही, तर उरलेले हप्ते देणगीपत्रातील पर्यायी प्रयोजनाकडे वळवावेत आणि तसे संस्थेच्या अध्यक्षांना नोंदणीकृत डाकेने कळवावे.